काचवाल्याच्या भिंतीवरचं पत्र

बाई काकडी इतकी पातळ कापायच्या, की तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं.

फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर त्या चिठ्ठी लावायच्या. तारीख, वेळ, आणि आत काय आहे. ‘अज्ञात, मऊ, पिवळसर’ अशी चिठ्ठी मी स्वतः वाचली आहे.

लिहायला कायम पेन्सिल. शाई स्पिरिटनं पुसली जाते, म्हणायच्या. विजेच्या बिलावर स्पिरिट कोण ओतणार, असं विचारलं की विषय बदलायच्या.

फोनवर बोलताना हाताखाली येईल त्या कागदावर चौकोन आणि गोल काढायच्या. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. ज्यावर कुणी मेलेलं नाही असा कागद त्या घरात सापडायचा नाही.

कुणाच्याही घरी गेल्या की विचारायच्या, “तुमचे आजोबा कशानं गेले?” तेही पाणी यायच्या आधी.

‘नक्की’ हा शब्द वापरत नसत. फळवाल्यालासुद्धा “बहुधा सहा द्या” म्हणायच्या.

बाई गेल्या त्याला आज सोळा दिवस झाले. रविवारी सकाळी, नाश्त्याच्या आधी. बासष्टाव्या वर्षी. जन्मभर लोकांच्या आतड्यांवर नजर ठेवली आणि दगा दिला हृदयानं. त्यांचे यजमान म्हणाले, “तिकडे तिचं लक्षच नव्हतं.” ते भूगोल शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. एवढं बोलून ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

मला अजून काही सुचत नाही. म्हणून लिहिते आहे.

ओळख जाहिरातीमुळे झाली. मी साहित्य घेऊन पदवीधर झाले होते आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या फलकावर पेन्सिलीनं लिहिलेला कागद दिसला. ‘सोपे व स्वच्छ लिहू शकणारी व्यक्ती हवी. भावनाप्रधान नको.’ मी भावनाप्रधान आहे. तरी गेले.

खोली तळघरात होती. वर छताजवळ एक आडवी खिडकी. तिच्यातून फक्त माणसांचे पाय दिसायचे. मेणाचा आणि औषधाचा वास. तिन्ही भिंतींना लाकडी खण, आणि खणांत काडेपेटीपेक्षा लहान मेणाच्या वड्या, हजारोंनी. प्रत्येक वडीत कुणाचा तरी नखाएवढा तुकडा.

“बस,” बाई म्हणाल्या. “हे वाच. काय कळलं सांग.”

पत्र होतं. ‘आपल्या कुटुंबातील बृहदांत्राच्या कर्करोगाच्या आनुवंशिक प्रवणतेच्या अनुषंगाने आपण तपासणीस उपस्थित राहावे,’ अशी सुरुवात. पुढे आणखी अकरा ओळी, सगळ्या तशाच.

“हे वाचून माणूस आधी वकील गाठेल,” मी म्हणाले.

“मग तू लिही.”

मी लिहिलं. ‘तुमच्या घरात आतड्याचा कर्करोग पिढ्यानपिढ्या येतो आहे. तो लवकर दिसला तर काढून टाकता येतो. कदाचित तुम्हाला तो होणारही नाही. पण एकदा येऊन तपासून घ्या.’

बाईंनी ‘कदाचित’भोवती गोल काढला. “हे किती?”

“किती म्हणजे?”

“शंभरात किती?”

“बाई, कदाचित म्हणजे कदाचित.”

“तुम्ही साहित्यवाले फार उधळे,” त्या म्हणाल्या, आणि त्या जागी लिहिलं, ‘दोघांतल्या एकाला हा दोष येतो, एकाला येत नाही.’ वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला राग आला. नोकरी मिळाली.

बाई तुकडे बघणाऱ्या डॉक्टर. वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया होते, काढलेला भाग खाली येतो. त्याचा तुकडा मेणात बसवतात, काकडीपेक्षाही पातळ कापतात, रंगवतात, काचपट्टीवर ठेवतात. मग बाई सूक्ष्मदर्शकातून बघून हे काय आहे ते सांगतात. रोग्याला त्या कधी दिसत नाहीत. “लोकांना वाटतं, रिपोर्ट मशीनमधून येतो,” त्या म्हणायच्या. “मशीन मीच.”

त्यांच्या संशोधनाची सुरुवात कशी झाली, याच्या दोन हकिगती आहेत.

एक तंत्रज्ञकाकांची. काका तिथले सगळ्यात जुने, वड्या कापण्यात पटाईत. ते सांगतात, की बाई बत्तीस वर्षांच्या असताना एका तरुण माणसाचं आतडं आलं होतं. गाठ विचित्र होती. शरीराच्या पहारेकरी पेशी तिच्यात गर्दी करून घुसलेल्या. पुढे सात वर्षांनी एका बाईचा तुकडा आला. बाईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, “ही त्याची बहीण.” सात वर्षांपूर्वीची वडी काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. हुबेहूब. हकिगत सांगताना काकांच्या अंगावर काटा येतो. दर वेळी ती सात वर्षं वाढत जातात. मी शेवटची ऐकली तेव्हा अकरा झाली होती.

दुसरी हकिगत बाईंची. “फॉर्मवर तिचं माहेरचं आडनाव होतं. मी फॉर्म वाचला. बाकीचे वाचत नाहीत.”

ते आडनाव काचवाल्यांचं. शहरात काचा, आरसे आणि चौकटींचं त्यांचं जुनं दुकान. या घरातली माणसं चाळिशीच्या आसपास आतड्याच्या कर्करोगानं का जातात, हे बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी जनुकं कळायला हवी होती. ती त्यांना येत नव्हती. मग एक्केचाळिसाव्या वर्षी त्या पुन्हा वर्गात जाऊन बसल्या. पहिल्या बाकावर. मुलांना वाटलं तपासणी अधिकारी आलेत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारला आणि प्राध्यापकांनी चहाची सुट्टी दिली, असं मास्तर सांगतात. मास्तर तेव्हा सकाळी त्यांचा डबा भरायचे. चिठ्ठी लावून.

घराण्याची माहिती बाईंनी फोनवरून गोळा केली, काचवाल्यांच्या आत्याबाईंकडून. आत्याबाईंना प्रत्येकाचं मरण पाठ होतं, साल एकाचंही नाही.

“तो ना? तो पुलाचं काम चालू होतं तेव्हा गेला.”

“कुठला पूल?”

“अहो, पूल म्हणजे पूल. तुम्ही इथल्याच ना?”

मग बाई फोनवर हात ठेवून ओरडायच्या, “अहो, पूल कधी बांधला?” आणि मास्तर आतून साल सांगायचे. अशी साडेचार पिढ्यांची वंशावळ झाली. पडद्याच्या कापडासारखी गुंडाळी. ती उलगडायला तळघरातली दोन टेबलं सरकवावी लागायची.

आता बाईंची चूक सांगते. बाईंनी मला समजावली तशीच.

आपल्या पेशींत दुरुस्ती करणारे चार कारागीर असतात. पेशी स्वतःची नक्कल करताना ज्या चुका करते, त्या हे कारागीर सुधारतात. एकही बंद पडला की चुका साचत जातात आणि कर्करोग होतो. तुकड्यावर विशिष्ट रंग टाकला की कारागीर हजर आहे की नाही ते दिसतं. एकोणीस वर्षांपूर्वी दोघांचेच रंग मिळत होते. काचवाल्यांच्या तुकड्यांत ते दोघेही हजर होते. पण त्यातल्या एकाच्या जनुकात बाईंना बारीकसा बदल सापडला. आणि तो घरातल्या चारही आजारी माणसांत होता.

“मग मी ठरवलं, की हा हजर आहे पण काम करत नाही.”

“असं कसं ठरवलंत?”

“इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढली. हजर राहून काम न करणारी माणसं मला नवीन होती का? लगेच पटलं.”

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

त्या बदलावर त्यांचा लेख छापून आला. बाहेरदेशी गाजला. व्याख्यानं झाली. बाईंनी घराण्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. ज्यांच्यात तो बदल नव्हता अशा सात जणांना पत्र पाठवलं, तळघराच्या कागदावर, खाली सही, आणि त्या एकाच वेळी शाईनं. ‘तुमच्यात हा दोष नाही. तुम्ही नक्की सुटलात.’

सातांतला सगळ्यात धाकटा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. आता दुकान तोच चालवतो. त्यानं ते पत्र चौकटीत बसवलं आणि गल्ल्याच्या वर टांगलं.

गेल्या वर्षी त्या सातांतल्याच एकीचा तुकडा तळघरात आला. काचवाल्याची मधली बहीण, वय बावन्न. बाईंनी काचपट्टी लावली. मी शेजारच्या खोलीत पत्रं टाइप करत होते. त्या दारात आल्या.

“बस खाली.”

“मी बसलेलीच आहे, बाई.”

“मग मी बसते.”

आता चारही रंग मिळतात. तंत्रज्ञकाकांनी जुन्या सगळ्या वड्या काढल्या. चार दिवस रंगवल्या. मंगळवारी अकरा वाजता बाईंनी शेवटची काच बघितली. चौथा कारागीर कुठेच नव्हता. एकाही तुकड्यात नाही. ज्याला बाईंनी कामचुकार ठरवलं होतं तो बिचारा एकोणीस वर्षं नीट काम करत होता. त्याच्या जनुकातला बदल निरुपद्रवी होता, त्या घरात योगायोगानं आलेला.

म्हणजे सुटलेले सात सुटलेले नव्हते. एकीला आजार झाला होता. वेळेवर कळला, ती आता बरी आहे. उरले सहा. त्यांनी एकोणीस वर्षांत एकही तपासणी केली नव्हती. कशाला करतील? बाईंनीच सांगितलं होतं.

मासिकाला दुरुस्ती पाठवायला बाईंना अर्धा तास लागला. सहा पत्रांना आम्हाला तीन दिवस लागले.

पाच जण महिन्याभरात येऊन गेले. एकानं अत्यंत रागाचं पत्र पाठवलं आणि त्याच पत्राच्या तळाशी तपासणीची तारीख मागितली. सहावं पत्र बाईंनी टाकू दिलं नाही.

“काचवाल्याला मी स्वतः सांगणार.”

“का?”

“त्यानं माझं अक्षर भिंतीवर लावलंय.”

आम्ही दोघी गेलो. दुकान खोल आणि अरुंद. दोन्ही बाजूंना भिंतीला टेकवलेल्या काचा, मधे जाड कापड अंथरलेलं लांब टेबल. काचवाला पट्टी धरून काचेवर ओरखडा काढतो, मग टेबलाच्या कडेवर हलकेच दाबतो. कट्. इतकाच आवाज. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, बोलका माणूस.

“या डॉक्टरबाई! अगं, खुर्ची पूस. डॉक्टरबाई आल्यात. ही कोण, मुलगी?”

“मैत्रीण,” बाई म्हणाल्या. मला ते फार आवडलं. पगार तोच राहिला.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. काचवाल्यानं त्याला भिंत दाखवली. “ह्या बाई. हे पत्र ह्यांचंच. आमच्या घराण्यात मी काचेसारखा स्वच्छ. वाचा, वाचा.”

गिऱ्हाइकानं वाचलं. बाईंनीही वाचलं. पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. मग त्या म्हणाल्या, “एक आरसा हवा होता.”

आम्ही आरसा घेऊन परत आलो.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलासाठी काच आणि आणखी एक आरसा. त्यानंतर फोटोची चौकट. फोटो नव्हता. मास्तरांनी ती रिकामीच टांगली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “स्नानघरात आरसा, दिवाणखान्यात आरसा. जिकडे बघावं तिकडे डॉक्टर. एकच होती तेव्हा निभावत होतं.”

“बाई, पुढच्या खेपेला शोकेस घ्या,” मी म्हणाले.

“तू गप्प बस. मला वाक्य सापडत नाही. तू लिहून दे.”

मी चार ओळी लिहून दिल्या. बाईंनी पाठ केल्या. चौकातल्या सिग्नलपाशी अस्खलित म्हणून दाखवल्या. शेजारी उभ्या असलेल्या माणसानं मान हलवून दाद दिली.

दुकानात शिरलो तर काचवाला एका खिडकीची काच कापत होता. मान वर न करता म्हणाला, “डॉक्टरबाई, ही चौथी खेप. तुमच्या घराला भिंती किती?”

बाई माझ्या चारही ओळी विसरल्या.

“ते पत्र चुकीचं आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठलं पत्र?”

“वरचं. माझं. मी चुकले. तुम्ही सुटलात असं मला म्हणता येत नाही.”

काचवाल्यानं कटर टेबलावर ठेवला. हात पुसले. “कधी कळलं?”

“दोन महिने झाले. मंगळवारी.”

“आणि तेव्हापासून आरसे घेत होतात?”

“हो.”

मागून त्याची बायको म्हणाली, “मी म्हणतच होते. बाईंना एवढ्या आरशांचं काय काम? स्वतःच्या रूपाकडे तर कधी बघत नाहीत.”

कुणी हसलं नाही. तिला स्वतःलाही हसू आलं नाही. ती तशीच पदराशी चाळा करत उभी राहिली.

“एकोणीस वर्षं,” काचवाला म्हणाला. “बहिणींना चिडवलं मी. थोरल्या भावाला म्हणायचो, तू जा नळ्या घालून घ्यायला, मी जेवून घेतो.” मग म्हणाला, “आता काय करायचं असतं?”

“रक्त परत तपासू. पण आधी कॅमेऱ्यानं आतडं बघून घ्यायचं. एक दिवसाचं काम आहे.”

“रक्त नको. एकदा खोटं बोललंय ते.”

“रक्त खोटं नाही बोललं. मी चुकीचं वाचलं.”

“मग कॅमेरा तरी बरोबर वाचाल कशावरून? माझा विश्वास राहिला नाही.”

“माझ्यावर?”

“दुसऱ्या कुणावर ठेवला होता?”

बाई उठल्या. त्या दिवशी आम्ही काही न घेता परतलो. वाटेत त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “वय सत्तेचाळीस. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी गेले.” हे त्यांनी तीनदा सांगितलं. मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी बाई दुकानात जाऊन बसायच्या. बोलायच्या नाहीत. तपासणीचं नावही काढायच्या नाहीत. मला वाटायचं, भांडण होईल. झालं, पण काचेवरून. बाईंच्या पर्समधून एक काचपट्टी टेबलावर घरंगळली. काचवाल्यानं ती उजेडात धरली.

“ही काय काच आहे? कड बघा. करवतीसारखी.”

“आम्हाला कड लागत नाही. मधला भाग लागतो.”

“काच कडेवरून ओळखायची असते, डॉक्टरबाई.”

“तुकडा मधेच असतो हो!”

“असला म्हणून काय झालं? हात कापेल एखाद्याचा.”

अर्धा तास चाललं. दोघांच्या आवाजानं शेजारचा शिंपी डोकावून गेला. निघताना बाई फार खूश होत्या.

सहाव्या गुरुवारी तो म्हणाला, “येतो मी.”

बाईंनी नुसती मान हलवली. बोलल्यावर हा बदलेल, असं त्यांना वाटलं असावं.

“पण एक अट. आतून जे काही निघेल ते तुम्ही बघायचं. तुमच्याकडचे ते तरुण डॉक्टर आहेत ना, त्यांनी नाही.”

“तो माझ्यापेक्षा चांगलं बघतो. डोळे तरुण आहेत त्याचे.”

“असतील. पण ते माझ्या बाबतीत चुकलेले नाहीत. तुम्ही चुकलाय. आता तुम्ही जपून बघाल.”

एवढं बोलून तो स्टुलावर चढला, पत्र चौकटीसकट खाली काढलं, चौकटीतून कागद सोडवला आणि बाईंच्या हातात दिला. “हे तुमचं.” चौकट वाया गेली नाही. त्याच संध्याकाळी तिच्यात एका गिऱ्हाइकाचा कुत्रा बसला.

बाहेर फुटपाथवर बाई थांबल्या. त्यांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं तरी हसतच होत्या. “इतकी मानपत्रं मिळाली,” त्या म्हणाल्या, “पण कुणी मला मी चुकले म्हणून काम दिलं नव्हतं.”

पुढच्या गुरुवारी काचवाल्याची तपासणी झाली. कॅमेऱ्याच्या डॉक्टरांना आतड्यात दोन लहान मोड, म्हणजे आतल्या भिंतीवर वाढलेले मांसाचे कोंब, सापडले. त्यांनी दोन्ही तिथल्या तिथे काढले आणि खाली पाठवले. बाईंनी बाटली स्वतः उतरवून घेतली. तंत्रज्ञकाकांच्या मागे उभ्या राहिल्या. काका वैतागले.

“बाई, मी हे तीस वर्षं करतोय.”

“मीही तीस वर्षंच करत होते,” बाई म्हणाल्या.

शनिवारी पहिला तुकडा तयार झाला. दुसरा मेणात तिरका बसला होता. वडी वितळवून तो पुन्हा सरळ बसवायचा होता, म्हणजे सोमवार. काका म्हणाले, “मागे उभ्या राहिलात म्हणून तिरका बसला.” बाईंनी ऐकून घेतलं.

पहिली काचपट्टी त्यांनी दीड तास बघितली. एरवी दोन मिनिटं लागायची. चारही रंग टाकून बघितले. मग तरुण डॉक्टरांना बोलावलं आणि काही न सांगता त्यांनाही बघायला लावलं. दोघांचं एक मत झालं. मग त्यांनी दुकानात फोन लावला. मी समोरच होते.

“पहिला चांगला आहे.”

पलीकडून काहीतरी.

“चांगला म्हणजे वेळेवर निघाला. कर्करोग नाही. राहिला असता तर पुढे झाला असता.”

 मग त्यानं जे विचारलं ते मलाही ऐकू आलं. “नक्की?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “पहिल्याचं, हो,” त्या म्हणाल्या. “नक्की. दुसरा सोमवारी बघते.”

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय बघतेस? जेवायला जा.”

मी जेवायला गेले. परत आले तेव्हा त्या घरी गेल्या होत्या.

सोमवारी काचवाला अकरा वाजता तळघरात आला. दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला रविवारचं कुणी कळवलं नव्हतं. तरुण डॉक्टरांनी त्याला बाईंच्या खोलीत नेलं, दार लावलं नाही, आणि बाई गेल्याचं सांगितलं. तो उभाच राहिला. आडव्या खिडकीतून पाय जात येत होते.

मग डॉक्टर म्हणाले, “तुमचा दुसरा तुकडा आज सकाळी तयार झाला. मी बघितला. पहिल्यासारखाच आहे. वेळेवर निघाला. वर्षानं परत यायचं.”

“बाईंनी बघितला?”

“नाही. मी बघितला.”

“पहिला?”

“पहिला त्यांनी.”

“म्हणजे अर्धं त्यांनी.”

“हो. अर्धं.”

काचवाला डॉक्टरांकडे बघत राहिला. “राग मानू नका. तुम्ही आजवर कुठे चुकलाय?”

डॉक्टरांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ते चिडतील. त्यांनी विचार केला. खरंच केला. “दोनदा,” ते म्हणाले. “मोठ्या म्हणाव्यात अशा दोन. एकीत माणूस वाचला.”

काचवाल्यानं मान हलवली. “मग बघा तुम्ही माझं. येईन मी वर्षानं.” दारात तो थांबला. “रक्तही घ्या आज, आलोच आहे तर.”

डॉक्टरांनी दुसऱ्या तुकड्याचा रिपोर्ट वेगळ्या कागदावर लिहिला. बाईंच्या कागदावर त्यांना लिहवेना. नियमानं एका रोग्याचा एकच रिपोर्ट हवा. कचेरीतून दोनदा विचारणा झाली आहे. ते म्हणतात, करतो.

बाईंचा कागद टेबलावर आहे. वरती नोंदणी क्रमांक, वय सत्तेचाळीस, पुरुष. मग ‘पहिला तुकडा’, आणि खाली सात ओळी. त्यांच्या मानानं लांबलचक. त्याखाली ‘दुसरा तुकडा’ असं लिहून ठेवलेलं आहे. पुढे विसर्गासारखी दोन टिंबं. तिथून कागद कोरा आहे.